शोधनिबंधांचा पूर, चाचणीचा दुष्काळ

जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया पार पडते, टाके सुकतात, काढलेल्या भागाचा पॅथॉलॉजी अहवाल हाती येतो आणि मग रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरांना एकच प्रश्न विचारतात : हा आजार पुन्हा उलटेल का? या प्रश्नाचे नेमके उत्तर जगातील कोणत्याही डॉक्टरकडे नाही. गाठ जठराच्या भिंतीत किती खोल शिरली होती, किती लसिका ग्रंथींपर्यंत रोग पोहोचला होता आणि दूरच्या अवयवांत तो दिसतो का, या तीन गोष्टींवरून रोगाचा टप्पा ठरतो. त्या टप्प्यातील शंभर रुग्णांपैकी पाच वर्षांनी साधारण किती जण हयात असतात, एवढे सांगता येते. समोर बसलेला रुग्ण त्या शंभरांपैकी कोणता, हे सांगता येत नाही. एकाच टप्प्याचे दोन रुग्ण एकाच आठवड्यात शस्त्रक्रिया करून घरी जातात. एक जण दहा वर्षांनी नातवंडांना शाळेत सोडायला जातो, तर दुसऱ्याच्या पोटाच्या अस्तरावर वर्षभरातच रोग पसरलेला आढळतो.

ही उणीव भरून काढण्याचे आश्वासन गेली सुमारे वीस वर्षे एका रेणूसमूहाच्या नावाने दिले जात आहे. तो समूह म्हणजे नॉन-कोडिंग आरएनए, अर्थात प्रथिन तयार न करणारे आरएनए. गाठीत किंवा रक्तात अमुक आरएनएचे प्रमाण वाढलेले असेल तर रुग्णाचे आयुष्य कमी, तमुक घटलेला असेल तर रोग उलटण्याचा धोका अधिक, असे सांगणारे शोधनिबंध आता हजारोंच्या संख्येत मोजावे लागतात. तरीही जठराच्या कर्करोगात केमोथेरपी द्यावी की नाही हे ठरवण्यासाठी यांपैकी एकाही रेणूची चाचणी आंतरराष्ट्रीय उपचार-मार्गदर्शक तत्त्वांनी स्वीकारलेली नाही. हजारो निबंध आणि स्वीकृत चाचणी शून्य, या विसंगतीचे मूळ रेणूंमध्ये कमी आणि ते शोधण्याच्या रीतीमध्ये अधिक आहे.

अकरा जणांसाठी शंभरांना औषध

अशा भाकिताची गरज खरोखरच आहे का, हा पहिला प्रश्न. जपानमधील एका मोठ्या चाचणीचे आकडे त्याचे उत्तर देतात. 'अ‍ॅक्ट्स-जीसी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चाचणीत दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यातील १,०५९ रुग्णांची नोंद झाली. सर्वांची शस्त्रक्रिया झाली होती. निम्म्यांना त्यानंतर वर्षभर 'एस-१' या गोळ्या देण्यात आल्या, उरलेल्यांना केवळ देखरेखीखाली ठेवण्यात आले. पहिले निष्कर्ष २००७ मध्ये आणि पाच वर्षांच्या पाठपुराव्याचे आकडे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनी गोळ्या घेतलेल्यांपैकी ७१.७ टक्के, तर न घेतलेल्यांपैकी ६१.१ टक्के रुग्ण हयात होते.

हा फरक मोठा आहे आणि त्याने पूर्व आशियातील उपचारपद्धती बदलली. मात्र हेच आकडे दुसऱ्या बाजूनेही वाचता येतात. शंभरांपैकी सुमारे एकसष्ट जण गोळ्यांविनाही पाच वर्षे जगले असते. सुमारे अठ्ठावीस जण गोळ्या घेऊनही जगले नाहीत. गोळ्यांमुळे पाच वर्षांचा पल्ला ज्यांना गाठता आला, असे साधारण अकरा जण. हे अकरा जण आधी ओळखता येत नाहीत, म्हणून शंभरही जणांना वर्षभर औषध द्यावे लागते. मळमळ, जुलाब, मंदावलेली भूक, रक्तातील पांढऱ्या पेशींची घट हे सर्व शंभर जणांच्या वाट्याला येऊ शकते. त्यात जठर अर्धे किंवा पूर्ण काढलेल्या माणसाची ही भूक आहे, हे विसरता येत नाही. पुढे २०१२ मध्ये दक्षिण कोरियाच्या पुढाकाराने झालेल्या 'क्लासिक' चाचणीत दोन औषधांच्या जोडीनेही फायदा सिद्ध झाला. पण तो नेमका कुणाला, हा प्रश्न तसाच राहिला. तो सोडवणारा जैवसूचक, म्हणजेच डॉक्टरांच्या बोलण्यातला बायोमार्कर, सापडला तर अनेकांची एका वर्षाची यातना वाचेल.

'अडगळी'तील रेणू

मानवी जनुकसंचाचा आराखडा २००१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २००३ मध्ये प्रकल्प पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा प्रथिनांची कृती लिहिलेला भाग एकूण डीएनएच्या जेमतेम दीड टक्का असल्याचे स्पष्ट झाले. अशी जनुके सुमारे वीस हजार. उरलेल्या पसाऱ्याला 'जंक' म्हणजे अडगळ म्हणण्याची प्रथा १९७२ मध्ये सुसुमु ओह्नो यांच्या लेखनापासून रूढ झाली होती. या अडगळीतील बराच भाग पेशीत आरएनएच्या रूपाने उतरवला जातो, हे नंतर कळले. २०१२ मध्ये 'एन्कोड' प्रकल्पाने डीएनएच्या ८० टक्के भागाला काही ना काही काम असल्याचा दावा केला. त्यावर इतकी टीका झाली की 'काम' या शब्दाचा अर्थ काय, यावरच शास्त्रज्ञांत वाद जुंपला. तो अद्याप पुरता मिटलेला नाही.

वादापलीकडचे काही शोध मात्र भक्कम आहेत. १९९३ मध्ये व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी एका सूक्ष्म कृमीत अवघ्या बावीस अक्षरांच्या आसपासचा आरएनए दुसऱ्या जनुकाचा आवाज दाबतो, हे दाखवले. कृमीची ही लहर माणसालाही लागू असेल, असे तेव्हा फारसे कुणाला वाटले नाही. याच मायक्रोआरएनएच्या शोधासाठी दोघांना २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दोनशेहून अधिक अक्षरांचे दीर्घ नॉन-कोडिंग आरएनए हा दुसरा मोठा गट. त्यांतील 'हॉटएअर' हा रेणू २००७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ओळखला. २०१० मध्ये स्तनाच्या कर्करोगाचा प्रसार आणि हा रेणू यांचा संबंध पुढे आला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत जठराच्या कर्करोगातही त्याचा शोध सुरू झाला. 'एच-१९', 'मॅलॅट-१', 'मिर-२१' ही याच यादीतील वारंवार येणारी नावे.

या रेणूंकडे संशोधक आकृष्ट झाले यात नवल नाही. गाठींवर अंकुश ठेवणाऱ्या 'पीटेन'सारख्या जनुकाला 'मिर-२१' दाबतो, असे प्रयोगशाळेत दिसते. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे मायक्रोआरएनए रक्तात तग धरून राहतात. एरवी रक्तात उतरलेला आरएनए काही मिनिटांत नष्ट होतो. हे छोटे रेणू प्रथिनांच्या आधाराने किंवा पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पुटिकांत बसून टिकतात. २००८ मध्ये कर्करोग रुग्णांच्या रक्तद्रवात ते मोजता येतात हे दाखवले गेले आणि एका बाटलीभर रक्तातून गाठीचे भविष्य वाचण्याची कल्पना सर्वांच्या मनात रुजली.

ठरावीक साच्याचा निबंध

या विषयावरील निबंधांचे वाचन सुरू केले की थोड्याच वेळात त्यांचा साचा पाठ होतो. एका रुग्णालयातील साठ ते शंभर रुग्णांच्या गाठींचे जतन केलेले तुकडे घेतले जातात. त्यांत एका आरएनएचे प्रमाण मोजले जाते. मधोमध रेघ मारून रुग्णांचे 'अधिक' आणि 'कमी' असे दोन गट केले जातात. 'अधिक' गटाची जगण्याची रेषा आलेखात खाली घसरते, सांख्यिकी कसोटीचा आकडा ०.०५ च्या आत येतो आणि निष्कर्षात हा रेणू 'स्वतंत्र जैवसूचक ठरू शकतो' असे लिहिले जाते. 'ठरू शकतो' या दोन शब्दांच्या आधारावर एक अख्खी शाखा उभी आहे, असे म्हटले तरी वावगे ठरू नये.

या साच्यात अनेक भोके आहेत. योगायोगाची शक्यता शंभरांत पाच इतकी मान्य केली, तर कोणताही संबंध नसलेले शंभर रेणू तपासल्यावरही पाच 'महत्त्वाचे' निघणार. उरलेल्या पंचाण्णवांविषयी कुणी निबंध लिहीत नाही. गट पाडण्याची रेघ आधी ठरवलेली नसेल, तर निकाल जुळेपर्यंत ती वर-खाली सरकवता येते. मोजमापातही अडचणी आहेत. आरएनएचे प्रमाण नेहमी दुसऱ्या एखाद्या 'स्थिर' रेणूच्या तुलनेत सांगावे लागते. रक्ताच्या तपासणीत अशी तुलना पुष्कळदा 'मिर-१६' या रेणूशी केली जाते. तोच रेणू तांबड्या पेशींत मुबलक असतो. रक्त घेताना किंवा नेताना थोड्या तांबड्या पेशी फुटल्या की तो रक्तद्रवात मिसळतो, म्हणजे मोजपट्टीच आखूड-लांब होते. दोन रुग्णालयांचे आकडे मग जुळणार कसे?

गाठीच्या तुकड्याचीही हीच गत आहे. फिनलंडचे लॉरेन यांनी १९६५ मध्ये जठराच्या कर्करोगाचे दोन प्रमुख प्रकार सांगितले. त्यांपैकी 'डिफ्यूज' प्रकारात कर्कपेशी एका जागी गोळा न होता तंतूंच्या जाळ्यात विखुरलेल्या असतात. अशा तुकड्यातून काढलेला आरएनए कर्कपेशींचा किती आणि भोवतालच्या तंतुपेशींचा किती, हे सांगणे कठीण होते. 'अधिक' प्रमाण म्हणजे केवळ 'या तुकड्यात तंतू अधिक' असेही असू शकते.

सर्वांत मोठी उणीव वेगळीच आहे. डॉक्टरला रोगाचा टप्पा आधीच ठाऊक असतो. नव्या रेणूने त्या माहितीत काही भर घातली का, हा खरा प्रश्न आहे आणि तो बहुतेक निबंधांत विचारलाच जात नाही. पुढच्या टप्प्यातील गाठीत जास्त आढळणारा रेणू वाईट भविष्य सांगणारच. ते टप्प्यानेही सांगितलेले असते.

ही टीका नवी नाही. जैवसूचकांच्या अभ्यासात काय काय नोंदवले पाहिजे, याचे 'रिमार्क' नावाचे निकष २००५ मध्येच प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी प्रकाशित झालेले कर्करोगाच्या भाकितासंबंधीचे १,५७५ निबंध ग्रीसमधील एका संशोधक गटाने तपासले. त्यांपैकी ९५.८ टक्के निबंधांच्या सारांशात काही ना काही यश मिळाल्याचे म्हटले होते. पूर्णतः नकारात्मक निकाल सांगणारे निबंध होते १.३ टक्के. परीक्षेत शंभरांपैकी शहाण्णव उत्तीर्ण होत असतील तर विद्यार्थी हुशार असण्यापेक्षा परीक्षा सैल असण्याची शक्यता अधिक. नॉन-कोडिंग आरएनएची लाट त्यानंतर आली आणि याच सैल परीक्षेला बसली.

निबंधांचे कारखाने

सैल परीक्षेचा फायदा प्रामाणिक संशोधकांपेक्षा इतरांनी अधिक उचलला. जगातील जठर-कर्करोगाच्या नव्या रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून अधिक एकट्या चीनमध्ये आढळतात. तेव्हा या विषयावरील संशोधन तेथे मोठ्या प्रमाणावर व्हावे हे स्वाभाविकच होते आणि त्यातील बरेच दर्जेदारही आहे. पण तेथील रुग्णालयांत डॉक्टरांची बढती दीर्घकाळ प्रकाशित निबंधांच्या संख्येशी जोडलेली होती. दिवसभर रुग्ण तपासणाऱ्या, हाताशी प्रयोगशाळा नसलेल्या डॉक्टरांनाही निबंध हवे होते. ही मागणी पुरवणारे धंदे उभे राहिले. त्यांनाच 'पेपर मिल' म्हटले जाते. एका रेणूच्या जागी दुसरा, एका कर्करोगाच्या जागी दुसरा टाकला की नवा निबंध तयार. नॉन-कोडिंग आरएनएची संख्या हजारोंत असल्याने हा कच्चा माल संपण्याचा प्रश्नच नव्हता.

ऑस्ट्रेलियातील संशोधक जेनिफर बर्न आणि फ्रान्समधील संगणकशास्त्रज्ञ सिरिल लाबे यांनी हे कारखाने ओळखण्याची एक साधी युक्ती शोधली. प्रत्येक जनुक मोजण्यासाठी विशिष्ट अक्षरक्रमाचा अभिकर्मक लागतो आणि तो क्रम निबंधात छापावा लागतो. तो क्रम नमूद केलेल्या जनुकाशी जुळतो का, हे संगणकाकडून तपासून घेतले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत मानवी जनुकांवरील ११,७९९ निबंध चाळण्यात आले आणि ७८ नियतकालिकांतील ७१२ निबंधांत चुकीचे अक्षरक्रम आढळले. कुलूप एकाचे, किल्ली दुसऱ्याची आणि दार उघडल्याचा दावा मात्र ठाम, असा हा प्रकार. प्रत्येक चूक लबाडीचीच असते असे नाही. टंकलेखनाचा दोषही असू शकतो. परंतु संख्या बोलकी आहे.

चीन सरकारने फेब्रुवारी २०२० मध्ये निबंधांच्या संख्येवर बक्षिसे व बढत्या देण्याची पद्धत थांबवण्याचे आदेश काढले. २०२३ या एका वर्षात जगभरात सर्व विषयांतील मिळून दहा हजारांहून अधिक निबंध मागे घेण्यात आले. त्यांपैकी आठ हजारांवर एकाच प्रकाशनसमूहाच्या नियतकालिकांतील होते. निबंध मागे घेतला गेला तरी त्यावर आधारलेले निष्कर्ष मागे घेतले जात नाहीत, ही यातील खरी मेख आहे. अनेक लहान अभ्यास एकत्र करून काढलेल्या सरासरीला वैद्यकात मोठे वजन असते. त्या सरासरीत दहा खोटे अभ्यास मिसळले असतील तर निष्कर्ष अधिक अचूक होत नाही, फक्त अधिक भारदस्त दिसतो.

जे पुढे गेले ते कसे गेले

या सर्वांवरून नॉन-कोडिंग आरएनएच निरुपयोगी आहेत, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. प्रोस्टेटच्या कर्करोगात 'पीसीए-३' या दीर्घ आरएनएची लघवीतील चाचणी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये मान्य केली. जठराच्या कर्करोगातही सिंगापूरने २०१९ मध्ये 'गॅस्ट्रोक्लिअर' या रक्तचाचणीला परवानगी दिली. तीत एकच रेणू नव्हे, तर बारा मायक्रोआरएनए एकत्र मोजले जातात. ती उभी करताना पाच हजारांहून अधिक लोकांचे नमुने तपासले गेले आणि शेवटची परीक्षा आधी ठरवलेल्या निकषांवर, नव्या लोकांवर घेण्यात आली. मात्र ही चाचणी 'कर्करोग असू शकतो का, एन्डोस्कोपी करावी का' हे सांगते. कर्करोग झालेल्याचे पुढे काय होईल, हे ती सांगत नाही. निदान, भाकीत आणि औषधाची निवड हे तीन वेगळे प्रश्न आहेत. जाहिरातींत ते सर्रास एकमेकांत मिसळलेले असतात.

भाकिताच्या बाबतीत कोणता मार्ग चालतो, याचे उदाहरण याच रोगात आहे. डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा काही गाठींत बंद पडलेली असते. या अवस्थेला 'एमएसआय' म्हणतात. चार मोठ्या चाचण्यांतील दीड हजारांहून अधिक रुग्णांच्या जतन केलेल्या नमुन्यांचा एकत्रित अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एमएसआय असलेले रुग्ण त्यात शेकडा आठच्या आसपास होते. शस्त्रक्रियेनंतर त्यांची वाटचाल इतरांपेक्षा चांगली होती आणि केमोथेरपीचा त्यांना विशेष लाभ झाल्याचे दिसले नाही. कोरियातील संशोधकांनीही २०१८ मध्ये 'क्लासिक' चाचणीतील सहाशेहून अधिक रुग्णांच्या नमुन्यांवर चार जनुकांची चाचणी तपासली. त्यातील आरएनए प्रथिने बनवणाऱ्या जनुकांचा होता, नॉन-कोडिंग नव्हता. पण रीत महत्त्वाची : औषध मिळालेले आणि न मिळालेले असे दोन्ही गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटले गेले होते, म्हणून रेणूमुळे पडलेला फरक आणि औषधामुळे पडलेला फरक वेगळा काढता आला.

हा मार्ग लांबचा आहे. स्तनाच्या कर्करोगात एकवीस जनुकांच्या चाचणीवर विसंबून केमोथेरपी टाळता येते का, हे पाहण्यासाठी 'टेलरएक्स' चाचणीत १०,२७३ महिलांनी भाग घेतला. भरती २००६ मध्ये सुरू झाली, उत्तर २०१८ मध्ये मिळाले. बारा वर्षे आणि दहा हजार रुग्ण विरुद्ध तीन महिने आणि ऐंशी तुकडे, असा हा सामना आहे. बढतीची वाट पाहणारा तरुण डॉक्टर कोणता मार्ग निवडेल हे सांगायला जैवसूचकाची गरज नाही. शिवाय नॉन-कोडिंग आरएनएसमोर आता स्पर्धक आहे. शस्त्रक्रियेनंतर रक्तात गाठीच्या डीएनएचे अंश उरले आहेत का, हे शोधणाऱ्या चाचण्यांवर मोठा पैसा लागला आहे. डीएनएतील बदल असतो किंवा नसतो. आरएनएसारखा तो 'अधिक की कमी' या रेघेवर अवलंबून राहत नाही, हा तिचा मोठा गुण.

अहवालातील एक दुर्लक्षित आकडा

भारतात जठराच्या कर्करोगाचे प्रमाण पूर्व आशियाच्या तुलनेत कमी असले, तरी २०२० च्या जागतिक अंदाजानुसार वर्षाला सुमारे साठ हजार नवे रुग्ण आढळतात. देशात या रोगाचे प्रमाण मिझोराममध्ये सर्वाधिक आहे. धुरावलेले व खारवलेले मांस आणि तंबाखूचा धूर मुरवलेले 'तुईबुर' हे पाणी यांच्याशी त्याचा संबंध अभ्यासांत दिसला आहे. तेथे गाठलेला निष्कर्ष मुंबई-पुण्याच्या रुग्णाला जसाच्या तसा लागू होणार नाही, तसेच वुहान किंवा सेऊलमधील आकड्यांचेही आहे. भारतातील पुष्कळ रुग्ण रोग पुढे गेल्यावरच डॉक्टरांपर्यंत पोहोचतात. अशा वेळी भाकीत सांगायला महागडा रेणू लागत नाही.

तरीही रेणूंवर आधारित चाचण्यांची माहितीपत्रके शहरांतील दवाखान्यांत पोहोचू लागली आहेत. प्रयोगशाळेला मिळणारी 'एनएबीएल' मान्यता ऐच्छिक आहे आणि मोजमाप नीट होते की नाही, एवढ्यापुरती आहे. मोजलेल्या गोष्टीचा रुग्णाला उपयोग आहे का, हे ती सांगत नाही. आज उपचाराची दिशा ठरवण्यासाठी जे सूचक खरोखर वापरले जातात ते एचईआर-२, एमएसआय, पीडी-एल-१ आणि अलीकडे क्लॉडिन १८.२. त्यांत नॉन-कोडिंग आरएनए नाही.

आणि एक आकडा असा आहे, जो कोणत्याही नव्या यंत्राविना मिळतो. रोगाचा टप्पा ठरवण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार किमान सोळा लसिका ग्रंथी तपासल्या जाव्यात, अशी शिफारस आहे. एक-दोन ग्रंथी बाधित असणे, तीन ते सहा असणे, सात ते पंधरा असणे आणि सोळा किंवा अधिक असणे या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. सातच ग्रंथी तपासून त्या निर्दोष निघाल्या, तर रोग पसरला नव्हता की पसरलेल्या ग्रंथी काढल्याच गेल्या नाहीत, हे कुणालाच कळत नाही. टप्पा कमी लेखला जातो आणि केमोथेरपीचा निर्णय चुकू शकतो. तपासलेल्या ग्रंथींची संख्या पॅथॉलॉजी अहवालात बाधित ग्रंथींच्या आकड्याशेजारीच छापलेली असते.